सेफ्टी रेझर : निगा आणि वंगण

दुधारी पाते दोन पाट्यांमध्ये आवळून धरणारे आणि त्याची फक्त कड कातडीला लागू देणारे दाढीचे साधन. किंग कँप जिलेट यांना बदलत्या पात्याच्या रेझरचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजावा लागे. या रेझरचे पाते बोथट झाले की टाकून देतात. त्यामुळे निगा राखायची ती दांड्याची आणि डोक्याची. मुंबईतल्या कुर्ल्यात पावसाळ्यातली सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते आणि चाळीतल्या मोरीत टांगलेला रेझर दिवसभर ओलाच राहतो. अशा हवेत रेझर झिजण्याआधी आत अडकलेल्या पाण्याने खराब होतो.

टोपी, पाटी आणि दांडा असे तीन सुटे भाग असलेल्या रेझरला सहसा वंगण लागत नाही. उघडून धुणे आणि भाग सुटे ठेवून वाळवणे पुरते. दोन्ही बाजूंचे आटे स्टेनलेस पोलादाचे असतील तर ते एकमेकांत रुतू शकतात. तेथे व्हॅसलिनचे पुसट बोट फिरवावे. आटे जोराने पिळू नयेत. जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेल्या स्वस्त टोपीचा खिळा मुळाशी तुटतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही.

खरे वंगण लागते ते तळाची कळ फिरवताच वरची दोन दारे उघडणाऱ्या रेझरला. त्याच्या पोकळ दांड्यातून एक सळई जाते. साबण आणि पाणी तिच्या कडेने आत मुरतात, कळ जड होते. असा रेझर आधी कोमट पाण्यात साबणाचे थेंब टाकून भिजवावा, कळ मागेपुढे फिरवत मऊ ब्रशने घासावा, मग पंख्याखाली पूर्ण सुकवावा. ओल्या सळईवर तेल सोडल्यास पाणी तेलाखाली कोंडले जाते. ही सर्वांत महागात पडणारी घाई होय. सुकल्यावर रेझर उलटा धरून कळीच्या फटीत एक थेंब आणि दारांच्या बिजागरीला सुईच्या टोकाने थोडेसे तेल पुरते.

तेल शिलाई मशीनचे घ्यावे. ते पातळ खनिज तेल असून चिकट होत नाही. करडईचे तेल हवेने वाळून राळेसारखे घट्ट होते, शेंगदाण्याचेही कालांतराने चिकटते. खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, आणि मुंबईतल्या जानेवारीच्या पहाटा तेवढ्या गार असतातच. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत (कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर अशी दुकाने रांगेने आहेत) मिळणारे गंज सोडवणारे फवारे अडकलेली कळ सुटी करतात. पण त्यातला बराच भाग उडून जातो, म्हणून मागाहून तेल द्यावेच लागते.

रेझरवर साचणारा पांढरा थर हा साबण आणि पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. मुंबई पालिकेचे तलावांतून येणारे पाणी तुलनेने मृदू. बोअरच्या दुष्फेन पाण्याने हा थर लवकर साचतो. पितळेवर क्रोमचा मुलामा असेल तर पाण्यात मिसळलेला व्हिनेगर काही मिनिटे चालतो. जस्ताच्या मिश्रधातूला आम्ल लावू नये, ॲल्युमिनियमच्या दांड्याला धुण्याचा सोडा लावू नये. चिंच किंवा भांडी घासायची पावडर उघड्या पितळेसाठी ठीक. मुलाम्यावर ती ओरखडे पाडते आणि पुढे आतले पितळ हिरवे पडते. अमोनियाचे द्रावण पितळेला तडे पाडू शकते. उकळते पाणीही टाळावे.

पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते आणि त्याच्या कडेवर टेफ्लॉनसारखा अतिपातळ थर असतो. ते कापडाने पुसल्यास थर खरवडतो आणि धार दुमडते. पाण्याखाली धरून झटकावे. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवून डबा भरल्यावर चिकटपट्टीने बंद करावा. कचऱ्यात सुटे पडलेले पाते थेट सफाई कामगाराच्या किंवा भंगार निवडणाऱ्या बाईच्या बोटात जाते.