तुघलकाचं दौलताबादी नाणं: अस्सल कसं ओळखायचं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबादला मुहम्मद तुघलकानं १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी पाडली. किंमत मात्र चांदीच्या टंक्याएवढी! इतिहासकार बरनी सांगतो, घराघरांत टांकसाळी सुरू झाल्या. शेवटी सुलतानानं नाणी मागे घेतली.

म्हणजे एखादं नकली नाणंही आज जवळपास ७०० वर्षं जुनं असू शकतं. संग्राहकांचा खरा घोळ इथेच होतो.

आजची बनावट नाणी बहुतेकदा ओतीव असतात. कडेला साच्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसली, तर सावध व्हा. अस्सल नाणं ठशानं ठोकलेलं असतं. त्यावर टांकसाळीचं नाव आणि हिजरी साल शोधा. आणि चिंचेनं घासू नका! जुना थर गेला की किंमतही जाते.

शेतात नाणी सापडली तर? ऐवज १० रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.