तासाला दहा मिनिटांची उधारी

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, जुन्या जाहिरातपाट्या आणि घड्याळं विकायला असतात. तिथं जाहिरातीचं अमेरिकी विजेचं घड्याळ हाती लागलं, तर रंगाआधी मोटर बघावी.

ही सिंक्रोनस मोटर वेळ विजेकडूनच उसनी घेते. हेन्री वॉरन यांनी १९१६ मध्ये बोस्टनच्या वीजकेंद्रात वारंवारता सांभाळणारं घड्याळ बसवलं. पुढं अमेरिकेतली अशी घड्याळं ६० हर्ट्झवर चालली. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही. म्हणून घड्याळ तासाला दहा मिनिटं मागं पडतं.

कारागीर वाळलेलं तेल बदलतो, घरघर थांबते. वेळ सुधारायला मात्र ५० हर्ट्झचीच मोटर हवी.

वीज गेली, की तीही थांबणार.