गुंतलेल्या फोटॉनांचे मूळ

चिएन-शिउंग वू म्हटले की १९५७ साल आठवते. निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करत नाही, ही समजूत त्यांच्या कोबाल्ट-६० वरच्या प्रयोगाने मोडीत काढली. पण त्याआधी, १९४९ मध्ये, त्याच वू यांनी कोलंबिया विद्यापीठात एकमेकांत गुंतलेल्या फोटॉनांचा माग काढला होता, आणि ते फोटॉन गुंतले होते आरशाच्याच सममितीमुळे. क्वांटम एन्टँगलमेंटच्या प्रयोगांची कुळकथा इथून सुरू करायला हवी.

१९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी क्वांटम सिद्धान्त अपूर्ण आहे, असा वाद उभा केला. १९४६ मध्ये जॉन व्हीलर यांनी प्रयोग सुचवला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भेटून नष्ट झाले की दोन गॅमा फोटॉन उलट दिशांना सुटतात. त्यांची ध्रुवणे परस्परांशी काटकोनात आहेत का, ते तपासायचे.

काटकोनच का? नष्ट होण्यापूर्वी जोडीचा एकूण कोनीय संवेग शून्य असतो. म्हणून दोन्ही फोटॉनांचे वर्तुळाकार ध्रुवण उजवे तरी असावे लागते, नाहीतर दोन्हींचे डावे. आरशात उजवी जोडी डावी होते, आणि मूळ अवस्थेचे चिन्ह उलटते. हे दोन्ही नियम पाळायचे तर दोन्ही शक्यता समप्रमाणात, पण विरुद्ध चिन्हांनी एकत्र नांदल्या पाहिजेत. एकीचीच निवड करायला सममिती मुभाच देत नाही. गुंतणे भागच पडते, आणि त्या उणे चिन्हातून काटकोन येतो.

वू आणि आयर्विंग शाकनॉव्ह यांनी तांबे-६४ मधून पॉझिट्रॉन मिळवले, फोटॉन अ‍ॅल्युमिनियमवर विखुरले आणि काटकोनातल्या व समांतर नोंदींचे गुणोत्तर काढले. ते आले २.०४, अधिक-उणे ०.०८. त्यांच्या मांडणीसाठी सिद्धान्त सांगत होता २.००.

प्रतिपक्ष म्हणतो, पहिला मान बर्कलीतल्या १९७२ च्या फ्रीडमन-क्लाउझर प्रयोगाचा. त्यात तथ्य आहे. विखुरण्यातून ध्रुवणाचा फक्त कल कळतो, त्यामुळे क्वांटम सिद्धान्ताला पर्यायी स्पष्टीकरणांपासून वेगळे करणारी बेल यांची १९६४ ची कसोटी तिथे नीट लावता येत नाही. वू यांच्या निबंधात आइन्स्टाइनच्या वादाचा उल्लेखही नाही. पण दूर जाताच गुंता सुटतो, हा पर्याय या आकड्यांशी जुळत नाही, असे बोम आणि अहारोनोव्ह यांनी १९५७ मध्येच दाखवले. शिवाय बर्कलीच्या त्या प्रयोगातले कॅल्शियमचे फोटॉनही सममितीनेच बांधलेले होते. तिथे आरशात चिन्ह उलटत नाही, म्हणून ध्रुवणे समांतर.

तेव्हा निवाडा असा: बेल यांच्या कसोटीचे साल १९७२, पण गुंतलेल्या फोटॉनांच्या पहिल्या काटेकोर मोजणीचा मान १९४९ च्या वू-शाकनॉव्ह प्रयोगालाच द्यावा लागतो.