घर की आरोग्यधाम? मद्रासने दिलेले उत्तर

१/ क्षयरोग झाला की रुग्णाला घरातून हलवायचे आणि गावाबाहेरच्या मोकळ्या हवेतील आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवायचे, ही वैद्यकाची सुमारे शंभर वर्षांची रीत होती. ती रीत निराधार ठरली १९५९ साली, आणि तिला छेद देणारा पुरावा मिळाला मद्रासच्या गरीब वस्त्यांत. त्या संशोधनाचा हा इतिहास.

२/ आरोग्यधामांची कल्पना युरोपातली. हर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टराने १८५४ च्या सुमारास गॉर्बर्सडॉर्फ येथे असे पहिले केंद्र उभारले. शुद्ध हवा, संपूर्ण विश्रांती, पौष्टिक आहार ही त्याची त्रिसूत्री. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला खरा. परंतु त्याला मारणारे औषध पुढची सहा दशके कुणाकडेच नव्हते.

३/ आपल्याकडेही हाच मार्ग रूढ झाला. मिरजेजवळ वानलेसवाडीचे आरोग्यधाम, मुंबईत शिवडीचे क्षयरुग्णालय ही नावे घराघरांत दबक्या आवाजात घेतली जात. भुवाली, मग जर्मनी, मग स्वित्झर्लंड असे उपचार घेऊनही कमला नेहरू १९३६ मध्ये लोझान येथे याच रोगाने गेल्या. साधनसंपन्न कुटुंबही जिथे हतबल, तिथे इतरांची काय कथा?

४/ स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झाले. ब्रिटनमधील रुग्णालयांत त्याची चाचणी झाली आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे डॉक्टराच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४.

५/ पण त्याच चाचणीने धोक्याची घंटाही वाजवली. एकट्या औषधाला जंतू लवकर दाद देईनासे होत. म्हणून दुसरे औषध जोडीला देण्याची पद्धत आली: प्रथम पास, म्हणजे पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, आणि १९५२ पासून आयसोनियाझिड. आयसोनियाझिड स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत होते. गरीब देशांसाठी हे दोन्ही गुण निर्णायक ठरणार होते.

६/ भारतात तेव्हा क्षयरुग्ण लाखांत मोजावे लागत, आणि रुग्णालयांतील खाटा हजारांत. सर्वांना पुरतील इतक्या खाटा उभारणे अशक्यच होते. म्हणून प्रश्न असा उभा राहिला: गोळ्या घरी देऊन रुग्ण बरा होईल काय? आणि तो घरीच राहिला, तर त्याच्या मुलाबाळांचे काय?

७/ उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम. धुरा होती डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे.

८/ १९३ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. औषधे दोघांना तीच: आयसोनियाझिड आणि पास, एक वर्ष. फरक एवढाच की एक गट आरोग्यधामात राहिला, तर दुसरा आपल्याच घरी. घरे दाटीवाटीची, अन्न बेताचे. आरोग्यधामात मात्र खाट, परिचारिका आणि चांगला आहार.

९/ घरच्या रुग्णाने औषध घेतले की नाही, हे कसे कळावे? पासची मात्रा मोठी, त्याने मळमळ होई. बरे वाटू लागले की गोळ्या टाळण्याचा मोह स्वाभाविक. म्हणून औषध आठवड्याचेच दिले जाई. कर्मचारी न कळवता घरी जाऊन उरलेला साठा मोजत, लघवीच्या तपासणीतून औषधाचा अंश शोधत. संशोधनाचा खरा कणा ही पायपीट होती.

१०/ निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेर जंतूंच्या दृष्टीने रोग शमलेले रुग्ण आरोग्यधामात ९२ टक्के, घरी ८६ टक्के. आहार आणि विश्रांती यांत एवढी तफावत असताना अंतर इतके थोडे! पाच वर्षांनंतर तर दोन्ही गट जवळपास बरोबरीने, ९० टक्क्यांच्या आसपास, होते. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले. पण रोग बरा केला तो औषधांनी.

११/ कुटुंबीयांविषयीचा निष्कर्ष त्याहून दिलासादायक होता. घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातलगांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले नाही. ज्यांना संसर्ग व्हायचा, त्यांना तो बहुतांशी निदानापूर्वीच झालेला असे. उपचार सुरू झाल्यावर रुग्णाला घराबाहेर काढण्याचे शास्त्रीय कारण उरले नाही.

१२/ याचा अर्थ ध्यानी घ्या. मजुरी करणाऱ्या माणसाला वर्षभर घराबाहेर ठेवणे म्हणजे चूल विझणे. आईला दूर नेणे म्हणजे तान्ह्या मुलाला पोरके करणे. मद्रासच्या आकडेवारीने हा वनवास अनावश्यक ठरवला. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरगुती उपचारांवरच उभा राहिला.

१३/ मात्र यशाबरोबर जबाबदारीही आली. खाटेवरचा रुग्ण परिचारिकेच्या नजरेत असतो, घरचा कुणाच्या? याच केंद्राने १९६४ मध्ये दाखवून दिले की आठवड्यातून दोनदा, समक्ष देखरेखीखाली दिलेले औषधही तितकेच गुणकारी ठरते. नव्वदच्या दशकात जगभर ‘डॉट्स’ या नावाने स्वीकारल्या गेलेल्या पद्धतीचे एक मूळ इथे आहे.

१४/ ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून चेन्नईत कार्यरत आहे. क्षय मात्र संपलेला नाही, आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांतून औषधांना न जुमानणारे जंतू अजूनही निपजतात. ताटवाटी वेगळी करून रुग्णाला कोपऱ्यात बसवणारी घरेही अजून आहेत. अशा घरांना सांगण्याजोगी गोष्ट मद्रासने साठ वर्षांहून अधिक काळापूर्वीच सिद्ध केली आहे: रुग्णाला घर हवे, आणि घराला त्याच्या गोळ्यांची आठवण.