हेलिओग्राफ

हेलिओग्राफ हे आरशाने सूर्यप्रकाश परावर्तित करून मोर्स संकेतलिपीत संदेश पाठविण्याचे उपकरण आहे. तारखात्यातील अभियंते हेन्री क्रिस्टोफर मान्स यांनी ते इ.स. १८६९ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराची येथे तयार केले. दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात (१८७८–१८८०) ब्रिटिश सैन्याने ते वापरले.

रचना व कार्य

तिपाईवर सुमारे १३ सेंमी व्यासाचा गोल आरसा बसविलेला असतो. नेम धरण्यासाठी त्याच्या मध्यभागी कलई नसलेला लहान ठिपका ठेवतात. कळ दाबताच आरसा किंचित कलून प्रकाशझोत समोरच्या ठाण्यावर पडतो. सूर्य सरकत असल्याने आरसा वारंवार जुळवावा लागतो. सूर्य पाठीमागे असल्यास दुसरा आरसा जोडतात.

शत्रूने तोडावी अशी तार येथे नसते. शिवाय झोत दर किलोमीटरला सुमारे ९ मीटरच पसरत असल्याने बाजूच्या माणसाला तो सहसा दिसत नाही. उपकरण हलके असून त्याला इंधन लागत नाही.

लेडीस्मिथचा वेढा

दुसऱ्या बोअर युद्धात, नोव्हेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लेडीस्मिथला वेढा पडला व तारा तुटल्या. पुढे शहरातील सेनापती जॉर्ज व्हाइट आणि सुटकेसाठी आलेले रेडव्हर्स बुलर यांच्यातील संपर्क मुख्यतः हेलिओग्राफवर चाले. ६ जानेवारी १९०० रोजी बोअरांनी मोठा हल्ला केला. हल्ला पुन्हा सुरू झाल्याचे व सैन्य अडचणीत असल्याचे व्हाइट यांनी कळविले आणि आभाळ भरून आले. हल्ला परतवला गेला होता. परंतु ऊन नसल्याने बुलर यांना ते लगेच समजू शकले नाही. बिनतारी यंत्रे आल्यावर हेलिओग्राफ मागे पडला.