प्रवाळ मोजायला निघालेल्या विद्यार्थ्यांना आधी तरंगायला का शिकवतात?

मालवणला स्कूबा करणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक धरून नेतो. प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र तळाला न टेकता, हात मोकळे ठेवून पाण्यात अधांतरी राहता यावं लागतं. कारण प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी ती इवल्या प्राण्यांची वसाहत असते. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभर वाढतं. पायातल्या फिनचा एक फटका बसला की कित्येक वर्षांची वाढ गेली!

म्हणून सुरुवात स्विमिंग पूलमध्ये. पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. श्वास रोखून वर आलात तर आतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. तरंगणंही श्वासावरच: घेतला की शरीर किंचित वर, सोडला की खाली.

हे जमलं की मोजणी. तळालगत मोजपट्टी ताणायची आणि ठरावीक अंतरावर तिच्याखाली काय आहे, ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेलं, शेवाळ, वाळू. पांढरं दिसलं की नवखे 'मेलेलं' लिहून मोकळे होतात. तसं नसतं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्यातलं रंगीत शैवाल बाहेर टाकतं, म्हणून पांढरं पडतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरूही शकतं.

आणि शंका आली म्हणून तुकडा तोडून आणता येत नाही. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटो काढा, पुन्हा बुडी मारा.