फ्लाय फिशिंगची लाईन गुळगुळीत घ्यावी की खडबडीत? सोलापूरच्या उन्हात उत्तर बदलतं

केम म्हटलं की आधी आठवतं ते कुंकू. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं हे गाव कुंकवाच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. पण गावातून पश्चिमेकडे निघालं की दुसरी ओळख लागते, ती म्हणजे उजनीचा फुगवटा. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर आणि साठवण क्षमता सुमारे 117 टीएमसी.

चिलापी, कटला, रोहू, मरळ हे इथले ओळखीचे मासे. ते पकडायचे म्हणजे होडी, जाळं किंवा साधा गळ. पण हल्ली मोबाईलवर एक वेगळाच प्रकार दिसतो. पाण्याच्या कडेला उभा माणूस, हातात लांब काठी आणि डोक्यावरून हवेत वळसे घेत जाणारी जाड रंगीत दोरी. हेच फ्लाय फिशिंग. ते करून पाहायचं म्हणून कुणी ऑनलाईन दोरी शोधायला गेलं, की पहिल्याच पानावर प्रश्न येतो: ‘स्मूद’ की ‘टेक्स्चर्ड’? म्हणजे गुळगुळीत की खडबडीत?

दोन्हींत नेमका फरक काय आणि सोलापूरच्या पाण्यात, सोलापूरच्या उन्हात कुठली टिकेल, ते पाहू.

मुळात या दोरीचं एवढं कौतुक का?

साध्या गळाला तंगूस लागतो. तंगूस बारीक आणि हलका असतो. तो लांब जातो तो टोकाला बांधलेल्या शिशाच्या किंवा आमिषाच्या वजनामुळे. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलट आहे. टोकाला असतो पिसं, केस आणि धागा गळावर बांधून केलेला खोटा किडा. त्याला जवळजवळ वजनच नसतं. मग तो लांब जाणार कसा? तर इथे वजन दोरीतच असतं. दोरी फेकायची आणि किडा तिच्यामागे जातो.

म्हणून या दोरीला नंबर असतो. पुढच्या 30 फुटांचं वजन किती, त्यावर तो ठरतो. 5 नंबरच्या दोरीचा हा भाग साधारण 9 ग्रॅमचा, तर 8 नंबरचा साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. पूर्ण दोरी बहुतेक वेळा 90 ते 100 फुटांची असते. आत नायलॉनसारख्या धाग्याचा गाभा आणि त्यावर प्लास्टिकचं, बहुतेक वेळा पीव्हीसीचं आवरण. तरंगणाऱ्या दोरीच्या आवरणात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळतात. त्यामुळे ती बुडत नाही.

गुळगुळीत की खडबडीत, हा प्रश्न फक्त या आवरणाच्या वरच्या पृष्ठभागाचा आहे. गाभा, वजन आणि आकार हे सगळं वेगळं.

खडबडीत दोरी आली कुठून?

एकेकाळी या दोऱ्या रेशमाच्या असत. त्या पाणी पीत, म्हणून त्यांना चरबी किंवा ग्रीस चोळावं लागे. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अँगलर्स’ने प्लास्टिकचं आवरण असलेली तरंगती दोरी बाजारात आणली आणि रेशीम मागे पडलं. पुढची पन्नासेक वर्षं कंपन्यांची स्पर्धा एकाच गोष्टीत होती, ती म्हणजे आवरण अधिकाधिक गुळगुळीत कसं करायचं.

2007 साली याच कंपनीने उलटी चाल केली. ‘शार्कस्किन’ नावाची मुद्दाम खडबडीत केलेली दोरी आणली. पुढे गोल्फच्या चेंडूसारख्या बारीक खळग्यांचा मवाळ प्रकारही आला. आज दोन्ही प्रकार शेजारी शेजारी विकले जातात.

खडबडीत असून जास्त सरकते, हे कसं?

याचं उत्तर मराठी माणसाला पाठ आहे: अळवावरचं पाणी! अळूच्या पानावर थेंब टिकत नाही, घरंगळून जातो. पान गुळगुळीत असतं म्हणून नव्हे. उलट त्यावर डोळ्यांना न दिसणारे मेणचट उंचवटे असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि थेंब त्या हवेवर बसतो. कमळाच्या पानाचंही तसंच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1997 साली हे गणित उलगडून दाखवलं आणि ‘लोटस इफेक्ट’ हे नाव रूढ झालं.

खडबडीत दोरीचे उंचवटे पानापेक्षा खूप मोठे, पण कल्पना त्याच जातीची. तिचे फायदे असे:

• खाचांत थोडी हवा अडकते, त्यामुळे दोरी पाण्यावर जरा उंच तरंगते आणि उचलताना कमी ओढ लागते.

• गुळगुळीत ओली दोरी रॉडवरच्या कड्यांना पाण्याच्या पातळ थरामुळे चिकटते. खडबडीत दोरी फक्त उंचवट्यांवर टेकते, म्हणून मोकळी सुटते आणि लांब जाते.

• ओल्या हातातून निसटत नाही.

आता दुसरी बाजू:

• कड्यांतून जाताना ‘झर्रझर्र’ आवाज येतो. काहींना तो अजिबात सहन होत नाही.

• दिवसभर ओढली की बोटं सोलवटतात. शार्कस्किनसारख्या तीक्ष्ण प्रकारात तर बोटाला पट्टी किंवा कापडी टोपण लावावंच लागतं.

• सहसा महाग पडते.

• खाचांत घाण बसते.

उजनीत गोष्ट बदलते ती इथे

केमच्या माणसाला शेवटचा मुद्दा वेगळा समजवायला नको. कुंकू लागलेलं बोट काचेवर टेकवा, एका फडक्यात काच स्वच्छ. तेच बोट खरबरीत लाकडावर टेकवा, लाली रेषांत बसते ती बसतेच. दोरीचंही तसंच. डोंगरातल्या नितळ थंड ओढ्यात खाचा स्वच्छ राहतात आणि आपलं काम करतात. पण जलाशयाच्या फुगवट्यात काठाला गाळ, शेवाळ आणि धूळ असते. खाचा भरल्या की त्यात हवेला जागा उरत नाही. मग जास्त पैसे देऊन घेतलेला गुण जातो आणि हातात राहतो फक्त खरखरीतपणा. गुळगुळीत दोरीही मळते, पण ती ओल्या फडक्यातून ओढली की पुन्हा कामाला तयार.

त्याहून मोठा प्रश्न: ऊन

खोक्यावर एक ओळ असते, तिच्याकडे बहुतेक जण बघत नाहीत: ‘कोल्डवॉटर’ की ‘ट्रॉपिकल’. बाजारातल्या पुष्कळ दोऱ्या थंड देशांतल्या ट्राउट माशासाठी बनवलेल्या असतात. गारठ्यात कडक होऊन वेटोळं धरू नये म्हणून त्यांचं आवरण मऊ ठेवलेलं असतं. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ही मऊ दोरी लिबलिबीत आणि चिकट होते. हवेत ताठ राहत नाही आणि कड्यांत अडकते. पृष्ठभाग कितीही भारी असला तरी तो हे सावरू शकत नाही.

उष्ण प्रदेशासाठीच्या दोरीचा गाभा आणि आवरण दोन्ही ताठर असतात. डिसेंबरच्या थंड पहाटे ती वेटोळं धरेल, पण दोन्ही हातांनी थोडी ताणली की सरळ होते. म्हणजे इथे निवडीचा क्रम असा: आधी रॉडला जुळणारा नंबर, मग उष्ण प्रदेशाची दोरी आणि सर्वांत शेवटी पृष्ठभाग.

मग कुणी काय घ्यावं?

• नवशिक्याने, चिलापीसारख्या माशासाठी, जलाशयाच्या काठावरून: गुळगुळीत, तरंगती, उष्ण प्रदेशाची. चिलापी फार लांब नसते, त्यामुळे फेकीचे जास्तीचे चार फूट मिळून उपयोग नाही.

• मरळीसाठी: ती पाणवनस्पतींच्या आडोशाला असते. दोरी वारंवार गवतावर पडणार, घासणार. इथेही गुळगुळीतच सोपी.

• वाहत्या, स्वच्छ पाण्यात महसीरसाठी: खडबडीत दोरी आपली किंमत वसूल करते. प्रवाहावर उंच तरंगणं आणि लांब फेक, दोन्ही तिथे कामाला येतात.

महसीरचं भीमेच्या खोऱ्याशी जुनं नातं आहे. कर्नल विल्यम सायक्स याने 1839 साली दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याच्या ‘टॉर खुद्री’ या नावातलं ‘खुद्री’ हे इथल्या बोलीतूनच घेतलेलं. मुळा-मुठेचं पाणी पुढे भीमेला मिळून उजनीतच येतं. महसीरच्या पैदाशीसाठी लोणावळ्यात टाटा पॉवरचं केंद्र 1970च्या दशकापासून काम करत आलं आहे. म्हणूनच महसीर लागला तर त्याला पाण्यात परत सोडण्याची रीत पाळावी.

दोरी टिकवायची तर

कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं एवढं पुरे. खडबडीत दोरी वापरल्यावर दर वेळी धुवावी. डासांचं मलम, सनस्क्रीन आणि पेट्रोल हातावर असताना दोरीला हात लावू नये, आवरण खराब होतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत रीळ ठेवून जाऊ नये.

आणखी दोन गोष्टी. जलाशयात गळ टाकण्याआधी परवानगीची स्थानिक पातळीवर चौकशी करावी, कारण या पाण्यावर अनेक मच्छीमार कुटुंबांचं पोट आहे. आणि तुटलेला तंगूस किंवा जुनी दोरी काठावर टाकू नये. उजनीवर रोहित पक्षी येतात ते उथळ पाण्यातच चरतात. चालता चालता पायात गुंतलेला तंगूस पक्ष्याला सोडवता येत नाही. तुकडे गोळा करून घरी न्यावेत आणि बारीक कापूनच कचऱ्यात टाकावेत.

थोडक्यात, खडबडीत दोरी वाईट नाही, ती स्वच्छ पाण्याची दोरी आहे. गाळाच्या पाण्यात आणि चाळीस अंशांच्या उन्हात साधी, गुळगुळीत आणि उष्ण प्रदेशासाठी बनवलेली दोरीच जास्त दिवस साथ देते.